पक्षीमित्र डॉ. सलीम अली : जीवन परिचय आणि नगरच्या माळढोकाची गोष्ट



नोव्हेंबर लागला की शाळाशाळांतून पक्षी सप्ताहाची गडबड सुरू होते. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्र शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून ठरवला. मुलं चित्रं काढतात, फलक रंगवतात, एक-दोन भाषणं होतात. भाषणात हमखास एक चिमणी येते, एअरगन येते, पद्मविभूषण येतो आणि टाळ्या पडतात.

मागच्या खेपेला सातवीतल्या एका मुलीने भाषण संपल्यावर मला अडवलं. तिच्या घरची ज्वारी हुरड्याला आली की भोरड्यांचे थवे येतात, वडील माळ्यावर उभे राहून गोफण फिरवतात, डबे वाजवतात. तिला विचारायचं होतं की या भोरड्या नेमक्या कोणाच्या? उन्हाळ्यात त्या जातात कुठे? आणि त्यांना हाकलायचं की जपायचं, हे ठरवणार कोण?

मी तिला एवढंच सांगू शकलो की भोरडी म्हणजे गुलाबी मैना, पूर्व युरोप आणि मध्य आशियात, म्हणजे कझाकस्तानसारख्या देशांत ती घरटी करते, तिथल्या गवताळ मैदानांवर टोळ आणि नाकतोडे खाऊन पिल्लं वाढवते आणि हिवाळ्यात आपल्याकडे मुक्कामाला येते. आपल्या शेतात ती चोर, तिकडच्या शेतकऱ्याची ती राखणदार! पक्षी एकच. पण बाकीच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलो तेव्हा सलीम अलींचं आयुष्य मला नव्याने वाचावं लागलं. ते वाचताना नगर जिल्ह्याचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं नाव अशा ठिकाणी भेटलं की जिथे मला ते अपेक्षित नव्हतं. म्हणून हा पाठ जरा लांबला आहे, सांभाळून घ्या.

बालपण आणि ती चिमणी

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, खेतवाडीत झाला. दहा भावंडांत हे शेंडेफळ. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूल नव्हतं. त्यांनी या पोरक्या भाचरांना सांभाळलं. घरात शिकारीचं वातावरण होतं. सलीमला खेळायला एअरगन मिळाली होती आणि तो चिमण्या टिपायचा.

एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. मामांनाही ओळखता आली नाही. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड या इंग्रज गृहस्थांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचं सांगितलं, कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तकं दिली. ही गोष्ट १९०८ सालची.

इथे मुलं एक प्रश्न विचारतात आणि तो टाळू नये असं मला वाटतं. पक्ष्यांवर प्रेम करणारा माणूस पक्षी मारत कसा होता? खरं उत्तर असं की त्या काळी दुर्बिणी साध्या होत्या, रंगीत छायाचित्रं नव्हती. पक्ष्याची जात निश्चित करायची तर तो हातात घ्यावा लागे. सलीम अलींनी पुढेही अभ्यासासाठी पक्षी मारले, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. त्यांना संताच्या चौकटीत बसवायला गेलं की मुलांना ते खोटं वाटतं, असा माझा अनुभव आहे.

पालकांसाठी मुद्दाम सांगतो, शाळेत हा मुलगा काही चमकला नाही. तब्येतीच्या तक्रारींमुळे शिक्षणात खंड पडला. १९१३ मध्ये मॅट्रिक कसाबसा पास झाला. कॉलेज अर्धवट सोडून ब्रह्मदेशात तवॉयला घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या व्यवसायात गेला, तिथे धंद्यापेक्षा जंगलातच जास्त रमला. १९१७ मध्ये परत आल्यावर थोडं व्यापाराचं आणि थोडं प्राणिशास्त्राचं शिक्षण झालं, पण विद्यापीठाची पदवी नाही ती नाहीच. पुढे प्राणिशास्त्र सर्वेक्षण विभागातली पक्षितज्ज्ञाची नोकरी पदवी नाही म्हणूनच हुकली. नावामागचं डॉ. हे नंतर विद्यापीठांनी सन्मानाने दिलेलं आहे. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झालं, आणि या माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट बहुधा तीच असावी.

बर्लिनची वाट

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांना गाइड लेक्चरर म्हणून नोकरी मिळाली. म्हणजे लोकांना संग्रहालय समजावून सांगायचं. एका अर्थी आपलाच व्यवसाय! दोन वर्षांत त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला पक्षिशास्त्राचं रीतसर शिक्षण नाही, आणि ते देणारं भारतात कोणी नाही. भारतावर राज्य इंग्रजांचं, त्यामुळे लंडनला जाणं साहजिक होतं. पण तिकडून फारसा उत्साह दिसला नाही. बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयातल्या एर्विन श्ट्रेझेमान यांनी मात्र मोकळेपणाने बोलावलं.

या प्रवासात सामान काय होतं ते पाहा. ब्रह्मदेशात जे. के. स्टॅनफर्ड या इंग्रज अधिकाऱ्याने जमवलेले पक्ष्यांचे नमुने. नमुने ब्रह्मदेशातले, जमवणारा इंग्रज, अभ्यासणारा मुंबईकर आणि शिकवणारा जर्मन. श्ट्रेझेमान यांना ते आयुष्यभर गुरू मानत राहिले.

उत्तर समुद्रात हेलिगोलँड नावाचं एक चिमुकलं बेट आहे. स्थलांतर करणारे पक्षी तिथे विसावतात. तिथल्या केंद्रात सलीम अलींनी पक्ष्यांच्या पायात कडी अडकवायचं तंत्र शिकून घेतलं. हे तंत्र वर्गात सांगायला अगदी सोपं आहे. पक्षी इजा न करता जाळ्यात पकडायचा, त्याच्या पायात हलकं धातूचं कडं घालायचं, कड्यावर क्रमांक आणि कळवायचा पत्ता, आणि पक्षी सोडून द्यायचा. पुन्हा कुठे, कुणाला तो सापडला आणि त्या माणसाने पत्त्यावर कळवलं, तर त्या पक्ष्याचा प्रवास कळतो. पण यात मेख अशी आहे की कडं घालणारा एका देशात असतो आणि सापडणारा दुसऱ्याच देशात. त्या दुसऱ्या माणसाने पोस्टाने एक पत्र टाकलं नाही, तर पहिल्याची सगळी मेहनत फुकट जाते.

१९३० मध्ये परत आले तर म्युझियममधली जागाच पैशाअभावी रद्द झालेली. हातात बर्लिनचं शिक्षण आणि नोकरी नाही. अलिबागजवळ किहीमला तेहमिनांच्या घरच्यांचं घर होतं, तिथे दोघं राहायला गेली. घराजवळच्या झाडावर सुगरणीची वसाहत होती. शिडीवर मचाण बांधून ते तासन्‌तास बघत बसले आणि सुगरणीच्या संसाराची खरी रीत त्यांनी उलगडली. नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन पसंत करते, मग तो ते पूर्ण करतो आणि लगेच दुसरं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! या निबंधाने त्यांचं नाव देशाबाहेर गेलं.

मग संस्थानांच्या पक्षिगणना सुरू झाल्या. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन आणि इतरही. संस्थानाने फक्त खर्च द्यायचा, पगार नाही, अशा अटीवर ते काम करत. गोदावरीपलीकडचं आपलं पैठण तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होतं आणि अलीकडचं शेवगाव-नेवासे इंग्रजांच्या मुलखात, हे मुलांना नकाशावर दाखवा. नदीतल्या बदकांना ती सरहद्द ठाऊक नव्हती. या सगळ्या भटकंतीत तंबूचा संसार तेहमिनांनी सांभाळला. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. बहिणीच्या घरी राहून त्यांनी उरलेलं आयुष्य कामाला दिलं. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं आणि सामान्य माणसाला पक्षी ओळखता येऊ लागले.

कडी, पत्रं आणि संशय

स्वातंत्र्यानंतर मुंबईची सोसायटी चालवणारे बरेच इंग्रज मायदेशी गेले. संस्था बंद पडते की काय अशी वेळ आली. सलीम अलींनी ती तगवली, पंडित नेहरूंकडे शब्द टाकून सरकारी मदत मिळवली. पण मोठं संशोधन करायचं तर पैसा कुठून आणायचा?

१९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात एक नवा ताप आला. माकडं मरत, माणसंही मरत. त्याचा विषाणू सैबेरियाकडच्या एका रोगाच्या विषाणूचा नातलग निघाला. मग शंका आली की हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे पक्षी गोचिडांबरोबर तो विषाणू आणत असतील का? जागतिक आरोग्य संघटनेला हे शोधायचं होतं, आणि सलीम अलींना पक्ष्यांना कडी घालायची होती. १९५९ मध्ये दोघांचं जमलं. भरतपूर, कच्छ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हजारो पक्ष्यांच्या पायात मुंबईचा पत्ता असलेली कडी पडू लागली. भरतपूरला कडं घातलेली बदकं सोव्हिएत रशियात सापडली आणि तिथून मुंबईला खबर आली. ते दिवस शीतयुद्धाचे होते. अमेरिका आणि रशिया एकमेकांचं तोंड पाहत नव्हते, पण बदकाच्या पायातल्या कड्याची खबर मात्र पोचत होती.

हे सगळं गोड गोड होतं असं मात्र समजू नका. पुढे या कामाला अमेरिकी लष्कराच्या एका संशोधन योजनेतून पैसा आला. लष्कराला आपल्या पक्ष्यांत इतका रस का, असा प्रश्न लोकांनी विचारला. सलीम अलींचे सहलेखक एस. डिलन रिप्ले हे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यात काम केलेले. तोही विषय निघाला. १९७० च्या दशकात संसदेच्या लोकलेखा समितीने परदेशी सहभागाच्या अशा प्रकल्पांची तपासणी केली. मला हा संशय चुकीचा वाटत नाही. परक्याकडून मदत घेताना त्याचा हेतू काय, माहिती कोणाकडे राहणार, हे विचारायलाच हवं. पण संशयापायी दारच लावून घेतलं असतं, तर आपले हिवाळी पाहुणे कुठून येतात हे आपल्याला कळलंच नसतं.

रिप्लेंबरोबरचा त्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात आला. त्यात भारत आणि पाकिस्तान दोन्हींचे पक्षी आहेत, शिवाय नेपाळ, भूतान, श्रीलंका यांचेही. तो लिहून छापला जात असतानाच्या काळात भारत-पाकिस्तान यांच्यात दोन युद्धं झाली. ग्रंथाचे खंड निघत राहिले.

आता आपल्या माळावर येऊ

कर्जत, श्रीगोंदा, नेवासे. या तालुक्यांतल्या जुन्या माणसांना विचारा, त्यांनी माळढोक पाहिलेला असतो. मीटरभर उंच, नर चौदा-पंधरा किलोपर्यंत भरणारा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत वजनदार जातींपैकी एक. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. त्याला जंगल नको असतं, गवताळ माळ लागतो, आणि सोबत ज्वारी-बाजरी-भुईमुगाची जिरायत शेती चालते. म्हणजे नगर-सोलापूरचा दुष्काळी माळ हेच त्याचं घर. आपण ज्याला पडीक म्हणतो ते.

सलीम अलींना हा पक्षी राष्ट्रीय पक्षी व्हावा असं वाटत होतं आणि तसा प्रस्ताव त्यांनी मांडलाही होता. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. मोर सगळ्यांना ठाऊक होता, त्यामुळे ते समजण्यासारखं आहे. पण माळढोकाला तो मान मिळाला असता तर सरकारचं लक्ष माळांकडे लवकर गेलं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

१९७९ मध्ये महाराष्ट्र शासनाने सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य जाहीर केलं, सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचं. पुढच्याच वर्षी कर्जत तालुक्यात काळविटांसाठी रेहेकुरी अभयारण्य झालं, ते मात्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. अभयारण्य झालं, पण माळढोक नेमका कसा जगतो, याचा पुरता अभ्यास कुठे झाला होता? सलीम अली तेव्हा पंचाऐंशीच्या घरात आणि सोसायटीचे अध्यक्ष. १९८० च्या सुमारास सोसायटीने संकटातल्या प्राण्या-पक्ष्यांचा अभ्यास हाती घेतला. माळढोकाचं काम डॉ. असद रहमानी या तरुण संशोधकाकडे आलं. मध्य प्रदेशातलं करेरा, आंध्रातलं रोल्लापाडू, राजस्थानचं वाळवंट आणि आपल्याच अभयारण्यातलं, सोलापूरजवळचं नान्नज, अशा ठिकाणी वर्षानुवर्षं माळावर बसून नोंदी झाल्या.

याचा खर्च कोणी केला ते वाचून मी थबकलो. भारत सरकारच्या मार्फत हा पैसा आला होता यूएस फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडून. ही अमेरिकेतली वन्यजीव आश्रयस्थानं सांभाळणारी सरकारी संस्था. आणि तिच्याकडे भारतीय रुपये कुठून आले? तर पीएल ४८० मधून. १९५४ च्या त्या कायद्याखाली अमेरिका आपल्याला धान्य देत होती आणि त्याची किंमत आपण रुपयांत चुकती करत होतो. तो रुपया भारतातच साचून होता. त्यातला थोडा वाटा इथल्याच प्राण्या-पक्ष्यांच्या अभ्यासाला मिळाला. पालकहो, तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना रेशनचा तांबडा गहू आणि लाल मिलोची भाकरी विचारून बघा. चव आठवून तोंड वाकडं करतील. परदेशी धान्यावर दिवस काढल्याचा तो रुपया फिरून आपल्याच माळावरच्या पक्ष्याच्या कामी आला. शाळेत आम्ही पीएल ४८० आणि माळढोक वेगवेगळ्या विषयांत शिकवतो.

अशा देवाणघेवाणीत कोण कोणाला शिकवतं? पैसा त्यांचा होता, पण माळ आपला, पक्षी आपला, संशोधक आपले आणि त्यांना पक्ष्याचा ठावठिकाणा सांगणारे मेंढपाळ आणि शेतकरी आपले. अमेरिकेत माळढोक नाही. त्याच्याविषयीचं ज्ञान जगाला मिळालं ते इथूनच.

भरतपूरची चूक

सलीम अलींचा सगळ्यात लाडका पाणवठा म्हणजे राजस्थानातलं भरतपूर. पूर्वी ते महाराजांचं बदकं मारण्याचं ठिकाण होतं. स्वातंत्र्यानंतर ते कोरडं करून शेतीला द्यावं अशी मागणी झाली, तेव्हा सलीम अलींनी नेहरूंपर्यंत जाऊन ते वाचवलं. १९८१ मध्ये ते पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं, १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा झालं.

राष्ट्रीय उद्यान होताच तिथली गुरं-म्हशींची चराई बंद केली गेली. चराईने उद्यानाचं नुकसान होतं असं तज्ज्ञांचं मत होतं आणि त्यात सलीम अलींचा शब्द वजनदार होता. पिढ्यान्‌पिढ्या तिथे गुरं चारणारे गावकरी चिडले, संघर्ष झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही माणसं मेली. पक्ष्यांच्या उद्यानासाठी माणसं मेली, हे सलीम अलींच्या चरित्रात वाचायला जड जातं, म्हणून बहुतेक भाषणांत ते येत नाही.

त्यानंतरची गोष्ट तर आणखी विचार करायला लावणारी. सोसायटीनेच भरतपूरचा दहा वर्षं अभ्यास केला, पुन्हा त्याच अमेरिकी संस्थेच्या मदतीने. निष्कर्ष निघाला तो उलटा. म्हशी चरत होत्या तोवर पाण्यातलं गवत आटोक्यात होतं. चराई थांबली आणि गवताने पाणी गुदमरलं. बदकांना उतरायला उघडं पाणी कमी पडू लागलं. स्वतःच्याच सल्ल्यातली चूक स्वतःच्याच संस्थेने मोजून दाखवली. तो निष्कर्ष पूर्ण झाला तेव्हा सलीम अली हयात नव्हते. २० जून १९८७ रोजी नव्वदाव्या वर्षी मुंबईत त्यांचं निधन झालं होतं. पद्मभूषण १९५८ मध्ये, पद्मविभूषण १९७६ मध्ये, राज्यसभेवर नियुक्ती १९८५ मध्ये. पॉल गेटी पुरस्काराचे ५०,००० डॉलरही त्यांनी निसर्गरक्षणाच्या कामाला दिले.

आपल्या माळढोक अभयारण्यातही वेगळ्या रीतीने हेच घडलं. ८,४९६ चौरस किलोमीटरमध्ये गावंच्या गावं, खाजगी शेतं, रस्ते, सगळंच आलं. जमिनीची खरेदी-विक्री अडली, कामं अडली. लोक पक्ष्यावरच रागावले. घरात मुलीचं लग्न काढायचं, जमीन विकायची तर माळढोक आडवा येतो, असं ज्याला वाटतं तो पक्षी कशाला जपेल? पुढे २०१२ च्या सुमारास क्षेत्र घटवून ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर कुकडीचं पाणी आलं होतं, ऊस आला होता, विजेच्या तारा माळावरून गेल्या होत्या. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, अंग जड, तार चुकवता येत नाही. मी पाण्याला आणि उसाला नावं ठेवणार नाही. आमच्या वर्गातली निम्मी मुलं त्यावर शिकतात. पण आज कर्जत-श्रीगोंद्यातल्या मुलाला माळढोक दाखवायचा तर चित्रातच दाखवावा लागतो, आणि नान्नजलाही तो दिसणं दुर्मीळ झालं आहे. सगळ्या जगात मिळून दीडशेच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी उरले असावेत, बहुतेक राजस्थानात.

तिकडे भरतपूरचा सायबेरियन क्रौंचही गेला. रशियातून अफगाणिस्तान-पाकिस्तानमार्गे तो येत असे. भरतपुरात पहारा होता, पण वाटेतल्या देशांत युद्ध होतं, बंदुका होत्या, आटलेली तळी होती. १९८४ मध्ये भारत आणि सोव्हिएत रशियात स्थलांतरित पक्ष्यांच्या रक्षणाचा करार झाला. वाटेतले देश सोबत येऊन १९९३ मध्ये खास या क्रौंचासाठी समझोता झाला, पण उशीर झाला होता. २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर तो भरतपूरला आलेला नाही. एका देशाने कितीही चांगलं उद्यान केलं तरी अशा पक्ष्याला ते पुरत नाही, ते असं.

माळढोकाचं पान अजून उलटलेलं नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अरब देशांतले श्रीमंत शिकारी ससाणे घेऊन राजस्थानात येत आणि माळढोकाच्या भाऊबंदांपैकी एकाची, तिलोरची शिकार करत. लोकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि १९८० मध्ये जयपूरला माळढोक कुळावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिलोर संपत चालला तसे अरब देशही शहाणे झाले, त्यांनी तो पिंजऱ्यात वाढवून सोडण्याचं तंत्र बसवलं. २०१९ मध्ये जैसलमेरजवळ माळढोकाची अंडी उबवण्याचं केंद्र सुरू झालं, तेव्हा त्याला तंत्राची मदत झाली ती अबुधाबीच्या तिलोर संवर्धन निधीची. २०२० मध्ये गांधीनगरला स्थलांतरित प्राण्यांच्या कराराची जागतिक परिषद झाली, तिचा शुभंकर माळढोक होता आणि त्याच परिषदेत त्याला कराराच्या सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत घेतलं गेलं. राजस्थानच्या त्या केंद्रात आता पिल्लं वाढताहेत. ती मोठी झाल्यावर सोडायची कुठे, हा प्रश्न आहे. गवताळ माळ लागेल.

त्या सातवीतल्या मुलीला मी पुढे काय सांगितलं, तेही लिहितो. सलीम अली गेले त्याच वर्षी, १९८७ मध्ये, भारतीय उपखंडात पाणपक्ष्यांची गणना सुरू झाली. दर जानेवारीत आशियातल्या अनेक देशांत एकाच पंधरवड्यात लोक आपापल्या तळ्यावर जातात आणि पक्षी मोजतात. मोजणारे बहुतेक हौशी असतात, त्यांत शिक्षक आणि विद्यार्थी पुष्कळ. आपल्याकडे नाथसागर आहे, १९८६ पासूनचं पक्षी अभयारण्य. त्याचा काठ शेवगाव आणि नेवासे तालुक्यांना लागतो. पट्टकदंब, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, सगळे परदेशातून किंवा हिमालयापलीकडून आलेले. मंगोलियात गळ्यात पट्टा अडकवलेले पट्टकदंब भारतात दिसले आहेत, तेव्हा मुलांना गळा आणि पाय दोन्ही नीट बघायला सांगा.

आम्ही यंदा जानेवारीत बारा मुलं घेऊन जाणार आहोत. पहाटे सहाला निघायचं, डबा, वही, पेन्सिल आणि दोन दुर्बिणी, त्यातली एक उसनी. पाण्याच्या फार जवळ जायचं नाही, मळकट रंगाचे कपडे घालायचे. मोठा थवा असेल तर दहा पक्षी मोजून घ्यायचे, तेवढी जागा डोळ्यांत धरायची आणि थव्यात ती किती वेळा बसते ते बघायचं, हा गणिताचाच तास झाला. ती मुलगी येणार आहे. वाटेत ज्वारीच्या शेतांवर भोरड्या दिसतील, त्या या पाणपक्ष्यांच्या यादीत धरत नाहीत. पण तिने त्यांच्यासाठी वहीचं शेवटचं पान वेगळं ठेवलं आहे.